'बेटर'च्या जागी काय लिहावे?

आपण लिहिले आहे की कार्यालयाच्या इंग्रजी पत्रांत 'बेटर' हा शब्द सारखा येतो. एकदा 'मोअर बेटर' लिहिले म्हणून वरिष्ठांनी त्याखाली लाल रेघ मारली, दुसऱ्या पत्रात त्याऐवजी 'सुपीरियर दॅन' लिहिले तर तेही चुकीचे ठरले, आणि म्हणून आता समानार्थी शब्दांची यादी हवी आहे. नुसती यादी दिली तर हीच अडचण पुन्हा येईल, असे मला वाटते. 'बेटर' हा शब्द एक असला तरी त्याच्याकडे कामे चार-पाच आहेत आणि दर कामाला निराळा पर्याय लागतो. भाषांतर करताना मी प्रत्येक वेळी 'कोणापेक्षा?' आणि 'कशात?' असे दोन प्रश्न वाक्याला विचारतो. त्यांची उत्तरे मिळाली की शब्द बहुधा आपोआप सुचतो.

आधी त्या लाल रेघेविषयी. मराठीत तुलना करताना विशेषण जागचे हलत नाही. 'हा रस्ता चांगला' आणि 'हा रस्ता त्या रस्त्यापेक्षा चांगला' या दोन्ही वाक्यांत 'चांगला' तोच राहतो आणि तुलनेचा सगळा भार 'पेक्षा' किंवा 'हून' उचलतो. वर 'अधिक' घातला तरी कानाला खटकत नाही. इंग्रजीत मात्र 'अधिक' हा अर्थ 'बेटर'च्या पोटातच असल्यामुळे 'मोअर' लावला की तो दोनदा येतो. 'व्हेरी बेटर' हीदेखील आपल्या 'खूप चांगला'तून आलेली चूक आहे. तेथे 'मच बेटर' किंवा 'फार बेटर' म्हणतात. हा 'फार' इंग्रजीचा स्वतःचा शब्द आहे, आपल्या 'फार'शी त्याचा उच्चार केवळ योगायोगाने जुळतो, पण लक्षात ठेवायला तो योगायोग चांगलाच उपयोगी पडतो.

'सुपीरियर' हे मुळातच लॅटिनमधले तुलनेचे रूप आहे आणि इंग्रजीत त्याच्यामागून 'दॅन' येत नाही, 'टू' येतो. 'इन्फीरियर', 'सीनियर', 'ज्युनियर' यांचीही हीच रीत आहे. महाविद्यालयात आपण 'तो मला दोन वर्षे सीनियर होता' असे सहज म्हणतो. त्यातला 'मला' म्हणजेच हा 'टू'. एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी चूक होणार नाही. 'सुपीरियर' वापरावा तो दर्जा किंवा कुवत यांच्या तुलनेत, म्हणजे एक पोलाद दुसऱ्यापेक्षा सरस आहे असे सांगताना. माणसांविषयी लिहिताना तो जपून वापरावा, कारण त्याला उच्चनीचतेचा वास येतो.

'प्रेफरेबल' यालाही 'टू' लागतो आणि 'मोअर' लागत नाही, पण त्याचे काम वेगळे आहे. पावसाळ्यात रात्री घाटातून गाडी नेण्यापेक्षा पहाटे निघणे 'प्रेफरेबल' असते. पहाट रात्रीहून 'सुपीरियर' आहे असे कोणी म्हणत नाही. येथे प्रश्न निवडीचा आहे, दर्जाचा नाही. मराठीत याला 'श्रेयस्कर' हा नेमका शब्द आहे. 'इम्प्रूव्ह्ड' म्हणजे सरळ 'सुधारित': वस्तूची तुलना तिच्या स्वतःच्या कालच्या रूपाशी होते. म्हणून नव्या मसुद्याला 'इम्प्रूव्ह्ड' म्हणता येते, पण आपला देकार प्रतिस्पर्ध्याच्या देकारापेक्षा चांगला आहे असे सांगताना तो शब्द चालत नाही. वीण, कलाकुसर, पूड यांच्या बाबतीत 'फाइनर' वापरावा.

सर्वांत जपून वापरावा तो प्रकृतीविषयीचा 'बेटर'. माझे वडील आजारी असताना परदेशातल्या एका सहकाऱ्याला मी 'ही इज बेटर नाऊ' एवढेच कळवले होते. मला म्हणायचे होते की ताप उतरला आहे, पेज पोटात राहते आहे, पण ते अजून अंथरुणावरच आहेत. त्याने समजून घेतले की वडील खडखडीत बरे झाले, आणि दुसऱ्याच दिवशी लांबलचक बैठक ठरवली. दोष त्याचा नव्हता. इंग्रजीत 'बेटर'चे हे दोन्ही अर्थ होतात, 'कालच्यापेक्षा बरे' आणि 'पूर्ण बरे', आणि सुट्या वाक्यात ते वेगळे ओळखता येत नाहीत. मराठीत 'बरे वाटते आहे' आणि 'बरे झाले' अशी क्रियापदे हा फरक राखतात. इंग्रजीत तो आपल्यालाच राखावा लागतो: उतार पडला असेल तर 'अ लिटल बेटर' किंवा 'इम्प्रूव्हिंग', आणि आजार संपला असेल तर 'फुली रिकव्हर्ड'. शिवाय आपला 'बरा' नेहमी 'बेटर' असतोच असे नाही. 'नाटक बरे होते' या वाक्यातला 'बरे' तर 'गुड'च्याही खालचा आहे.

'यू हॅड बेटर' याविषयी आपण विचारलेले नाही, पण पत्रव्यवहारात तो हमखास येतो म्हणून सांगतो. 'आपण उद्या आलेले बरे' हे मराठी वाक्य सौम्य आहे. त्याचे 'यू हॅड बेटर कम टुमॉरो' असे केले की 'न आलात तर परिणाम भोगावे लागतील' अशी धार त्याला चढते. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला असे लिहू नये. 'इट वुड बी बेटर इफ' अशी सुरुवात केली की मराठीतला मऊपणा टिकतो.

'बेटर' आणि 'बेहतर' एकच का, असेही कोणी कोणी विचारतात. नाहीत. फारसी 'बेहतर'मधला 'तर' हा 'उच्चतर'मधल्या 'तर'चा भाऊ आहे, तर 'बेटर'च्या शेवटच्या 'र'चे नाते संस्कृत 'श्रेयस्'मधल्या 'ईयस्' या प्रत्ययाशी आहे. 'बेस्ट'मधला 'स्ट' आणि 'श्रेष्ठ'मधला 'इष्ठ' हेही तसेच सगोत्र. 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वांत चांगला, तरी त्यावर 'तम' चढवून आपण 'श्रेष्ठतम' म्हणतो आणि ते रूढ झाले आहे. इंग्रजीने आपल्या आजच्या लेखी भाषेत 'मोस्ट बेस्ट'ला अशी सवलत दिलेली नाही.

आता आपली दोन वाक्ये. नवी हजेरीपद्धत जुनीपेक्षा 'मोअर बेटर' आहे, या वाक्यातून 'मोअर' काढावा आणि 'बेटर दॅन' तसाच ठेवावा. तेथे दुसऱ्या शब्दाची गरजच नाही. दुसऱ्या पत्रात दोन पुरवठादारांच्या कागदाच्या दर्जाची तुलना आहे, म्हणून 'सुपीरियर' योग्यच होता, फक्त 'दॅन'च्या जागी 'टू' करावा. आणि एकाच पत्रात 'बेटर' तीनदा आला म्हणून तो बदलू नये. तिन्ही ठिकाणी त्याचे काम एकच असेल तर वाचणाऱ्याला तोच शब्द पुन्हा भेटणे सोयीचे असते.