चौकशी खिडकी : विमान गाठायचंय, गाडी करू की ट्रॅव्हल्सने जाऊ?

(धुळ्यात एसटीचे वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले आप्पा वाचकांच्या प्रवासाच्या अडचणींना उत्तरं देतात.)

प्रश्न : आप्पा, नमस्कार. मी 68 वर्षांचा, सौ. 64 च्या. मुलीकडे टोरंटोला पहिल्यांदाच चाललो आहोत. मुंबईहून विमान रात्री 1 वाजून 40 मिनिटांनी. मोठ्या बॅगा चार. मुलगा म्हणतो, अमळनेरहून दारातून गाडी करा. साडू म्हणतात, धुळ्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जा, निम्म्याहून कमी पैशांत काम होतं. दोघांचंही पटतं, म्हणून पंचाईत झाली आहे. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : साडूभाऊंना माझा रामराम सांगा आणि त्यांचा सल्ला तेवढा बाजूला ठेवा. रात्रीची ट्रॅव्हल्स धुळ्याहून जेवणवेळेनंतर निघते आणि पहाटे ठाण्यात टेकते. तुमचं विमान तोवर समुद्र ओलांडून गेलेलं असेल. म्हणजे आदल्या रात्री निघायचं आणि अख्खा दिवस मुंबईत बॅगांवर पहारा करत बसायचं. मुंबईत हक्काचं घर असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं.

आधी तारीख बघा. तिकिटावर 15 तारीख आणि वेळ 1:40 असेल, तर घरातून 14 तारखेला सकाळी निघायचं. 15 च्या रात्री विमानतळावर पोचून कपाळाला हात लावणारी शिकली-सवरलेली माणसं असतात. मुलाला सांगा, घरातल्या कॅलेंडरवर 14 तारखेभोवती लाल गोल कर.

मग तिकिटावर विमानतळ कोणतं ते बघा. सहारचं टर्मिनल 2 वेगळं, सांताक्रूझ बाजूचं टर्मिनल 1 वेगळं, आणि डिसेंबर 2025 पासून पनवेलजवळचं नवी मुंबई विमानतळही सुरू झालंय. तिकिटावर बीओएम लिहिलं असेल तर मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई. ड्रायव्हरला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगून गाडीत बसू नका.

आता ट्रॅव्हल्स उतरवते कुठे, हे साडूभाऊंना विचारा. ती विमानतळाच्या दारात जात नाही. माजिवडा, तीन हात नाका अशा ठिकाणी हायवेच्या कडेला थांबते. क्लीनर डिकी उघडतो, कोणाची बॅग कोणती हे न बघता भराभरा सामान फूटपाथवर टाकतो, आणि मागच्या गाडीचा हॉर्न वाजायच्या आत बस हललेली असते. तुमच्या चार बॅगांपैकी एकीत पापड-बिबड्या असणारच, वरून भुसावळकडच्या कोणाची तरी पिशवी पडलेली. तिथून पुढे टॅक्सी शोधायची, तीही चार बॅगा मावणारी. तिशीतल्या माणसाला हे जमतं. तुमच्या वयाला मी सांगणार नाही.

म्हणून गाडी. पण मुलगा म्हणतो तशी दारातून निघाली की झालं, एवढं सोपं नाही. हिशेब समजून घ्या. अमळनेर ते मुंबई साधारण 360 किलोमीटर, आणि गाडीवाला रिकाम्या परतीचेही पैसे लावतो, म्हणजे 720. किलोमीटरला 14 रुपये धरले तर 10,080 झाले. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता बहुतेक वेगळा. ‘सगळं धरून किती?’ हा प्रश्न फोनवरच विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.

गाडी घेताना सीट मोजू नका, डिकी मोजा. एर्टिगासारख्या सात सीटच्या गाडीत मागची रांग उभी ठेवली की डिकीत दोन पिशव्या मावतात, बस्स. चार मोठ्या बॅगा न्यायच्या तर ती रांग पाडावी लागते आणि पोचवायला येणारे दोघं-तिघं गळतात. आपल्याकडे पोचवायला निम्मा वाडा निघतो, मला माहीत आहे. पण तिकीट नसलेल्याला डिपार्चरच्या दाराच्या आत सोडत नाहीत. दारात पाया पडणं, रडणं, फोटो, इतक्यात शिट्टी वाजते. त्यासाठी सात जणांनी रात्रभर जागायचं का, हे घरात बसून ठरवा. फक्त मुलगा येऊ द्या.

आणि खरी गोष्ट ड्रायव्हरच्या झोपेची. रात्रीच्या विमानासाठी लोक संध्याकाळी निघायचा बेत करतात. अमळनेरहून पाचला निघालेला ड्रायव्हर तुम्हाला मध्यरात्री सोडणार आणि तसाच मागे फिरणार, कारण सकाळी त्याला दुसरं भाडं असतं. पहाटे तीन ते पाच ही वेळ वाईट. माझ्या नोकरीत रात्री-अपरात्री आलेले अपघाताचे फोन बहुतेक याच वेळचे. त्या गाडीत परतताना तुमचा मुलगा बसलेला असेल. तेव्हा सकाळी दहाला निघा, नाशिकच्या पुढे निवांत जेवा, संध्याकाळी सात-आठला पोचा. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. मात्र खाली उतरल्यावर भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही, तिच्यासाठी दीड-दोन तास हाताशी ठेवा. रात्री साडेदहापर्यंत काउंटरवर असलं म्हणजे पुरे. ड्रायव्हरला मुक्कामाचे पैसे द्या आणि सकाळी उजाडल्यावर निघायला सांगा. या पैशांत घासाघीस करू नका.

परतीला मात्र गाडी बोलावू नका. विमान उशिरा आलं की गाडीचं वेटिंग चढतं आणि ड्रायव्हर पार्किंगमध्ये पेंगत बसतो. त्या दिवशी मुंबईत झोप काढा. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून एसटीने या. 65 च्या वर म्हणून तुम्हाला अर्धं तिकीट, महिला म्हणून वहिनींना अर्धं. आधारकार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे. चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर जायचं आहे, दिल्लीचं विमान दुपारचं आहे. एकच सॅक आहे. वडील गाडी करून देतो म्हणतात. – चाळीसगाव

उत्तर : वडिलांचे पैसे वाचव. सकाळची एसटी पकड, मध्यवर्ती बसस्थानकावर उतर, पुढे चिकलठाण्याला रिक्षा. पावसाळा असेल तर मात्र वाटेतला औट्रम घाट कुठल्या दिवशी काय करेल याचा भरवसा नाही. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये पहिली गाडी पकड, नाहीतर आदल्या दिवशीच जाऊन मित्राकडे रहा.

प्रश्न : आप्पा, मी एकटीच चेन्नईला नोकरीवर रुजू व्हायला चालले आहे. मुंबईहून सकाळी अकराचं विमान आहे. दोन पर्याय आहेत. एक, सीटवर चालणारी गाडी, जी भुसावळहून निघून वाटेत लोकांना घेत विमानतळाच्या दारात सोडते. दुसरा, शेजारच्या काकांच्या ओळखीतला मुलगा स्वतःची गाडी घेऊन स्वस्तात सोडतो म्हणतो. – जळगाव

उत्तर : ताई, त्या मुलाच्या गाडीची नंबरप्लेट पांढरी आहे ना? मग विषय संपला. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने चालवायला परवानगी नाही. वाटेत काही झालं आणि पैसे घेऊन चालवत होता असं निघालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. काकांशी संबंध बिघडू नयेत म्हणून सांगा, कंपनी बिल मागते.

सीटवरची गाडी तुम्हाला चालेल, पण बुकिंगआधी दोन गोष्टी विचारून घ्या. तुमच्यानंतर किती जणांना घ्यायचंय? एरंडोल, पारोळा, धुळे अशा प्रत्येक थांब्याला कोणीतरी चहा पीत असतं आणि कोणाची तरी आई डबा द्यायला धावत येते. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. दुसरं, तुमच्या गाडीत सगळ्यात आधीचं विमान कोणाचं? एखाद्याचं सकाळी सातचं असेल तर नशीब समजा, गाडी त्याच्या घाईने पळेल आणि तुम्ही आरामात पोचाल. सगळ्यात आधीचं तुमचंच असेल, तर मालकाला ते स्वच्छ सांगा आणि पोचायची वेळ साडेआठ लिहून घ्या.

ड्रायव्हर दोन आहेत का, हेही विचारा. एकच असेल तर रेल्वेचं बघा. जळगावहून रात्रीच्या गाड्या पुष्कळ आहेत. खान्देश एक्सप्रेस रोज नसते, पण तिचा वार जुळला तर बोरिवलीला उतरा, तिथून विमानतळ ठाण्यापेक्षा सोपं पडतं. वार जुळत नसेल तर दादरला उतरून टॅक्सी करा. आरक्षण आजच काढा, दिवाळीच्या आसपास निघणार असाल तर कालच काढायला हवं होतं.