बाबांचा याशिका : दुरुस्ती एकदाच, रोल दर महिन्याला

प्रश्न : "वडिलांचा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा फिल्मचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. सेल घातला तरी शटर कायम एकाच वेगाने पडते, मागच्या दाराचा फोम चिकट झाला आहे. मुंबईच्या एका कारागिराने फोनवर ७,५०० रुपये सांगितले. असाच 'टेस्टेड' कॅमेरा ऑनलाइन ११,००० ला, सहा हप्त्यांत मिळतो आहे. हातात पगार ३८,०००, घरखर्च २६,०००, आरडी ५,०००, बचत खात्यात ६०,०००. रोल ९०० ला पडतो, धुणे आणि स्कॅनिंग ५००. महिन्याला दोन रोल काढायचे आहेत. डिसेंबरात पुरी होणारी आरडी मोडून दुरुस्ती करू का?" (एक वाचक, फोंडा)

उत्तर : दुरुस्ती करा, पण आरडी मोडू नका. आणि दुसरा कॅमेरा तर घेऊच नका.

आधी रोलचा हिशेब मांडू, कारण खरा खर्च तिथे आहे. एका रोलचे १,४०० रुपये, ३६ फोटो. म्हणजे बोट दाबले की ३९ रुपये गेले. महिन्याला दोन रोल म्हटले तर वर्षाला ३३,६००. साडेसात हजारांवर तुम्ही इतका विचार करता आहात आणि त्याच्या चौपटीहून मोठा खर्च दर वर्षी निमूटपणे मान्य करता आहात. महिन्याला एकच रोल ठेवलात तर वर्षाचे १६,८०० होतात. तुमच्या मिळकतीला तेवढे झेपेल.

आता शिल्लक. पगारातून घरखर्च आणि आरडी वजा जाता ७,००० उरतात. बचत खात्यातले ६०,००० म्हणजे सव्वादोन महिन्यांचा घरखर्च. निदान तीन महिन्यांचा, म्हणजे ७८,००० हवा. १८,००० कमी आहेत. म्हणून पुढचे तीन महिने दरमहा २,५०० कॅमेऱ्यासाठी आणि ४,५०० बचत खात्यात टाका. तिसऱ्या महिन्याअखेर दुरुस्तीचे ७,५०० तयार होतील, चौथ्या महिन्यात आणखी ४,५०० टाकले की ७८,००० पुरे. तिथून पुढे रोल सुरू करा. फक्त एक तपासा : २६,००० मध्ये गणेशचवथीचा खर्च धरला आहे का? नसेल तर आखणी एक महिना पुढे सरकवा. आरडी मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळते, बँकेनुसार दंडही बसतो. तीन महिने थांबून जे काम होते त्यासाठी ते नुकसान का सोसायचे? क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवून तर हे काम मुळीच करू नका.

तीन महिने कॅमेरा नुसता ठेवायचा नाही. फोनवरचा आकडा कॅमेरा न बघता सांगितलेला असतो. दोष कुठे आहे हे तुम्हाला आधी कळले तर बोलणी वेगळी होतात.

या मॉडेलला वीज मिळाली नाही तर शटर १/५०० सेकंदावरच पडते. तुमचे लक्षण तेच दिसते. मूळ सेल ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा होता, तो आता बनत नाही. त्याऐवजी ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो. तो बारीक आणि आखूड असल्याने भोवती कागदाची गुंडाळी आणि टोकाला स्प्रिंग लागते. बरेचदा सगळी गडबड इथेच असते, सेल टोकाला टेकतच नाही. संपर्कपट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर असेल तर कापसाच्या काडीने व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडे करा. मागचे तपासणीचे बटण दाबल्यावर दिवा लागला तर वीज पोचते आहे. सेल चांगला, पट्ट्या स्वच्छ आणि तरी दिवा नाही, तर आतली तार गंजलेली असण्याची शक्यता मोठी. ती बदलणे स्वस्त काम आहे.

दिवा लागतो आणि तरी वेग बदलत नाही, तर फिल्म पुढे सरकवायचा लीव्हर सावकाश ओढून कान द्या. आत 'ठक्' असा आवाज यायला हवा. येत नसेल तर आतली रबराची छोटी गादी भुगा झाली आहे. ती झिजली की शटरबटणाचा दांडा नीट बसत नाही, विजेचे संपर्क चुकीच्या क्षणी जुळतात आणि उजेड मोजणारा मीटर बिघडल्यासारखा वाटतो. या कॅमेऱ्याचा हा ठरलेला आजार आहे. म्हणूनच ११,००० चा 'टेस्टेड' कॅमेरा नको : जीएसएन १९७३ मध्ये आला, त्यातलीही गादी तेवढीच जुनी. विक्रेता ती बदलल्याचे सांगत नसेल, तर तुम्ही तोच बिघाड हप्त्यांवर घेताय.

लेन्स बघायलाच हवी, गोव्याच्या हवेत तर विशेष. सेल चालत असेल तर मागचे दार उघडा, 'बी'वर (बटण दाबलेले असेतो शटर उघडे राहते ती खूण) ठेवून, लेन्सचे छिद्र १.७ ला, म्हणजे पूर्ण उघडून बटण दाबून धरा आणि मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ती वरवर असेल तर निघते. काचेवरचा लेप खाल्ला असेल किंवा चिकटवलेल्या भिंगांमध्ये शिरली असेल तर साडेसात हजारही वाया. मग कॅमेरा आठवण म्हणून जपा, पैसे घालू नका. रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायची सोय, तपासायला लेन्स अनंतावर (सर्वांत दूरच्या खुणेवर) ठेवून मिरामारहून पलीकडचा आग्वाद बघा. दोन प्रतिमा एकमेकींवर बसायला हव्यात. आडवा फरक असेल तर फोकस चुकतो, उभा फरक फक्त डोळ्याला खुपतो.

कारागिराकडून व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्या : गादी, तार, दाराचा फोम, रेंजफाइंडरची जुळणी आणि शटरचे वेग हे सगळे ७,५०० मध्ये येते का, बुरशीचे वेगळे किती, दुरुस्ती नको म्हटले तर तपासणीचे किती, नंतर किती महिन्यांची जबाबदारी. फोम तुम्हीही बदलू शकता, पण चिकटा खरवडताना कण शटरवर पडू देऊ नका. येण्याजाण्याच्या खर्चासह ८,५०० ही तुमची हद्द. वरचे हजार चौथ्या महिन्यात उरणाऱ्या २,५०० मधून जातील. त्यापुढे आकडा गेला तर कॅमेरा परत मागवा, कारण विकायला गेलात तर हा खर्च भरून येत नाही. इलेक्ट्रो लाखोंनी बनले.

घरचे कुणी मडगावहून कोकणकन्येने मुंबईला जात असेल तर हातीच पाठवा. फोर्टमधला कॅमेरा बाजार सीएसएमटीपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. कुरिअर केलेत तर सेल काढून, विमा उतरवून. परत आल्यावर पहिला रोल लग्नाकार्यात वापरू नका. उन्हात, सावलीत, घरात, ०.८ मीटरवर आणि दूरवर असे फोटो काढा, प्रत्येकाची नोंद ठेवा आणि जबाबदारीची मुदत संपायच्या आत धुऊन बघा. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि पावसाळ्यात दाण्यांचा रंग पालटला की ते गरम करून वाळवा.