गाण्यातलं धाडस मला का जमत नाही?

"सगळे किती बिनधास्त असतात, मीच अशी का?" प्रेमात पुढाकार घेता येत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलामुलींकडून हे मी सारखं ऐकतो. पुरावा म्हणून हमखास डान्सची गाणी पुढे येतात. नजरानजर झाली, हात धरला, आजची रात्र आपली!

अशीच एक तरुणी आली. ऑफिसमधला मित्र आवडायचा. मेसेज टाइप करायची, पुसायची. म्हणाली, "गाणं चालू असतं तोवर वाटतं, आत्ताच सांगून टाकावं. संपलं की हिंमतही संपते."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"मरूनच जाईन."

"खरंच काय होईल?"

ती बराच वेळ गप्प होती. मीही गप्प राहिलो. अशा वेळी घाई न करणं मला जमतं, याचं मला समाधान आहे.

"लाज वाटेल. काही दिवस त्याच्याकडे बघवणार नाही."

"मग?"

"मग... बघता येईल."

इथे गाठ सुटली. नकारापेक्षा, नकार मिळाला की आपली किंमत शून्य, ही समजूत माणसाला जास्त छळते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मानणारा. त्यांनीच सांगितलेला किस्सा तिला ऐकवला. वयाच्या 19व्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात ते महिनाभर ठरवून अनोळखी स्त्रियांशी बोलले. शंभरेक जणींपैकी एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली.

गाण्यातला तो "अचानक"सुद्धा ठरवलेलाच असतो. हाउस या क्लबमधल्या डान्स संगीतात मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके पडतात. ताण चढत जातो, ठेका क्षणभर थांबतो आणि मग जोरात कोसळतो. हे सगळं आधी मोजून बसवलेलं. तेव्हा तयारी करून विचारलं म्हणून भावना खोटी ठरत नाही.

विचारताना वाक्य छोटं ठेवा. गर्दीत नको, दारूच्या भरात नको. समोरच्याला सहज "नाही" म्हणता यावं. आणि उत्तर "नाही" आलं, तर तिथेच थांबा. गाण्यात पुन्हा पुन्हा विनवणं गोड वाटतं, प्रत्यक्षात तो समोरच्याला त्रास असतो.

तिने लिहिलं, "तुला निवांत भेटायला आवडेल. नको असेल तर तसं सांग, चालेल." त्याने विचार करायला वेळ मागितला. दर पाच मिनिटांनी फोन न बघता तो वेळ कसा काढायचा, यातच आमचं पुढचं सत्र गेलं.