फोटो सर्व्हरपर्यंत पोचतच नाही

प्रश्न: सर, फॉर्ममधलं नाव आणि फोटो जावास्क्रिप्टच्या फॉर्मडेटात भरून फेचने सर्व्हरला पोस्ट करतोय, हेडरमध्ये (डेटासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींमध्ये) कंटेंट-टाइप मल्टिपार्ट फॉर्म-डेटा असा नीट लिहिलाय, तरी सर्व्हरवर सगळं रिकामं येतं. दोन दिवस डोकं फोडतोय, कुठे चुकतंय?

उत्तर: तो हेडर तुम्ही हाताने लिहिलाय ना, तिथेच घोळ आहे, ती ओळ काढूनच टाका. काय होतं, मल्टिपार्टमध्ये नाव, फोटो असे तुकडे एकामागोमाग जातात आणि एक कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला हे कळायला मध्ये एक खुणेची ओळ असते, तिला बाउंडरी म्हणतात. ही खूण ब्राउझर दरवेळी नवी बनवतो आणि हेडरमध्ये स्वतःच लिहितो. तुम्ही आपला हेडर दिलात की त्यात बाउंडरी नसते, मग बिचाऱ्या सर्व्हरने तुकडे करायचे कसे? ही पद्धत 1995 च्या आरएफसी 1867 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजापासूनची आहे, पण अजूनही भलेभले इथेच अडकतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

तरीही एखादी फील्ड आली नाही तर एचटीएमएलमध्ये तिला नेम (name) दिलंय का बघा, नुसता आयडी चालत नाही, आणि डिसेबल्ड फील्ड तर जातच नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये पेलोड, म्हणजे प्रत्यक्ष पाठवलेला डेटा, उघडून बघितलंत की लगेच दिसेल.