समुद्रातून काढलेली स्पॅनिश चांदीची नाणी : नव्या संग्राहकासाठी

पहिले नाणे निवडताना त्याच्या देखणेपणापेक्षा ते कोणत्या जहाजावरचे आहे आणि त्याला पुरावा काय, हे आधी पाहावे. 1622 मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेल्या 'आतोचा' या गॅलियनचा (जुन्या मोठ्या शिडाच्या स्पॅनिश जहाजाचा) मुख्य साठा 1985 मध्ये खजिनाशोधक मेल फिशर यांच्या चमूला सापडला, आणि त्यातील नाणी छायाचित्रासह क्रमांकित प्रमाणपत्र देऊन विकली गेली. मात्र खरे प्रमाणपत्र भलत्याच नाण्याला जोडलेले असू शकते, म्हणून वेड्यावाकड्या कडेचा प्रत्येक कंगोरा छायाचित्राशी ताडून पाहावा.

पोतोसी (आजच्या बोलिव्हियात) किंवा मेक्सिकोच्या टांकसाळीत हातोड्याने ठोकलेले आठ रियालचे (रियाल हे जुने स्पॅनिश चलन) नाणे मुळात सुमारे 27 ग्रॅमचे असे. खारे पाणी चांदी खाते, त्यामुळे बरेच हलके झालेले नाणेही अस्सल असू शकते. पण ठसा ठळक आणि वजन मात्र फार कमी, असे आढळल्यास व्यवहार थांबवावा. भिंगाखाली कडेवर साच्याची रेघ किंवा बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसले, तर नाणे ओतीव बनावट असल्याचा दाट संशय घ्यावा. टांकसाळीची खूण आणि चांदीचा कस तपासणाऱ्या परीक्षकाचे आद्याक्षर वाचता येणारे नाणे महाग पडले तरी मी तेच घ्यायला सांगेन, कारण तारीख पुसली गेली असली तरी त्यावरून काळ ठरवता येतो.

मालकीचा प्रश्नही गंभीर आहे : 1804 मध्ये बुडालेल्या 'मर्सेडीस' या स्पॅनिश जहाजाची नाणी अमेरिकी न्यायालयाच्या आदेशानुसार 2012 मध्ये स्पेनला परत करावी लागली. त्यामुळे विक्रेत्याकडून उगमाची लेखी नोंद घ्यावी, आणि घरी आल्यावर नाण्यावरचा काळा थर कदापि घासू नये.