गाणं ‘हिट’ होतं म्हणजे ते लागतं

प्रश्न असा आहे: अमेरिकन कंट्री (तिकडचं ग्रामीण वळणाचं संगीत) गायक हँक विल्यम्सवर मराठीत लेख लिहायचा आहे. ‘लव्हसिक ब्लूज’ हा त्याचा ‘ब्रेकथ्रू हिट’. त्याला ‘पदार्पणाचं गाणं’ म्हटलेलं चालेल का?

नाही चालणार. पदार्पण म्हणजे पहिलं पाऊल टाकणं. हल्ली कुणाचंही नाव झालं की ‘दमदार पदार्पण’ लिहून मोकळे होतात. त्याआधी त्या माणसानं खाल्लेल्या खस्ता त्या एका शब्दानं पुसल्या जातात, आणि याची मला खरोखर चीड आहे. विल्यम्सनं पहिली गाणी रेकॉर्ड केली ती डिसेंबर १९४६ मध्ये, स्टर्लिंग नावाच्या छोट्या कंपनीसाठी. १९४७ मध्ये ‘मूव्ह इट ऑन ओव्हर’ बऱ्यापैकी चाललंही. ‘लव्हसिक ब्लूज’ बाजारात आलं फेब्रुवारी १९४९ मध्ये. यात पदार्पण कुठे आहे?

‘ब्रेकथ्रू’ हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रुळला, खंदकांमागे बसलेल्या शत्रूची फळी फोडून पार जाण्यासाठी. आपल्याकडे त्यासाठी ‘कोंडी फुटणं’ तयार आहे. विल्यम्सच्या बाबतीत तर ते अक्षरशः खरं आहे. नॅशव्हिलची ‘ग्रँड ओल ओप्री’ म्हणजे कंट्री संगीताचं सगळ्यात मानाचं व्यासपीठ, आणि त्याच्या पिण्यामुळे ओप्रीवाले त्याला घ्यायला कचरत होते. या गाण्यानं ते दार उघडलं. तेव्हा ‘कोंडी फोडणारं गाणं’ लिहा, किंवा सरळ ‘ज्या गाण्यानं त्याचं नाव झालं ते गाणं’ लिहा. चार शब्द जास्त गेले तर जाऊ द्या.

आता ‘हिट’कडे. माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे.

‘हिट’ म्हणजे मारणं, फटका, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच ओढीनं आपली वर्तमानपत्रं ‘गाण्यानं धुमाकूळ घातला’ असं लिहितात, मग ते गाणं विरहाचं का असेना. पण हा शब्द इंग्रजीत जन्मलेला नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरलेल्या नॉर्स लोकांनी, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या व्हायकिंगांनी, तो आणला. त्यांच्या भाषेत ‘हिट्टा’ म्हणजे गाठ पडणं, अवचित सापडणं. मारण्याचा त्यात संबंधच नव्हता. मारण्यासाठी इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द होता, ज्याचा आजचा ‘स्ले’ म्हणजे ठार मारणं झाला आहे. पुढे ‘फेकलेली वस्तू जिथे पोहोचायची तिथे पोहोचली’ या वाटेनं ‘हिट’मध्ये फटका शिरला आणि त्यानं जुन्या शब्दाला त्या जागेवरून हुसकावलं. नॉर्सच्या स्वतःच्या लेकींनी मात्र मूळ अर्थ सांभाळला. आइसलँडमध्ये आजही ‘हिट्टा’ म्हणजे कुणाला भेटणं. स्वीडिशमध्ये ‘हित्ता’ म्हणजे सापडणं, आणि हरवलेल्या सामानाच्या कचेरीत ठेवलेल्या छत्र्या, पिशव्या, हातमोजे यांना ते ज्या शब्दानं ओळखतात त्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे हाच ‘हित्ता’. इंग्रजीतही ‘हिट अपॉन’ या प्रयोगात जुना अर्थ जिवंत आहे: सुचणं, हाती लागणं.

हाती लागणं! इथेच मराठी वाचकानं थांबलं पाहिजे.

आपलं ‘लागणे’ घ्या. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणं, त्याचं ‘लग्न’, प्राकृतात ‘लग्ग’, मराठीत ‘लाग’. आपण म्हणतो दगड लागला, ठेच लागली, नेम लागला. आपण म्हणतो शोध लागला, पत्ता लागला, थांग लागला. म्हणजे मार आणि सापडणं, दोन्ही एकाच क्रियापदात. नॉर्सपासून इंग्रजीपर्यंत येताना ‘हिट’नं जो प्रवास शेकडो वर्षांत केला, त्याची दोन्ही टोकं आपल्या ‘लागणे’त शेजारी शेजारी नांदतात. ‘विहिरीला पाणी लागलं’ या वाक्यात पहार पाण्यापर्यंत पोहोचली की पाणी सापडलं? दोन्ही, एकाच क्षणी. शिवाय सूर लागतो, तंद्री लागते, वेड लागतं, चटक लागते. ज्या भाषेत गवयाचा आवाजसुद्धा ‘लागतो’, तिला ‘हिट’ समजावून सांगण्यासाठी मारामारीची गरज नाही.

मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणें’ उघडून बघा, अर्थांची रांग संपता संपत नाही. आणि आपले परिभाषा बनवणारे मात्र ‘हिट’साठी ‘लोकप्रिय गीत’ देऊन हात झटकतात. लोकप्रिय तर ‘ये रे ये रे पावसा’ही आहे. त्याला कुणी हिट म्हणत नाही, कारण त्यात तो लागण्याचा क्षण नाही. ‘गाजलेलं’ हा शब्द मला आवडतो, ‘गर्ज्’वरून आलेला आहे, भरदार आहे. पण गाजणं ही नंतरची गोष्ट. गर्जना ऐकू येते ती वीज पडून गेल्यावर.

इंग्रजी कोशकार म्हणतील की यशस्वी नाटकाला किंवा गाण्याला ‘हिट’ म्हणण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि ती नेमका बसलेला फटका यावरूनच आली. तारखेबद्दल माझं भांडण नाही. पण शब्दाचा जुना अर्थ नव्या अर्थाच्या पोटात जिवंत राहतो हे त्यांच्या हिशेबात येत नाही. त्यांनी हेच गाणं तपासून बघावं.

‘लव्हसिक ब्लूज’ विल्यम्सनं लिहिलेलं नव्हतंच. ते क्लिफ फ्रेंड आणि आयर्व्हिंग मिल्स यांचं, न्यूयॉर्कच्या गाणी विकणाऱ्या बाजारातलं. १९२२ मध्ये एल्सी क्लार्कनं ते ध्वनिमुद्रित केलं, गाण्याचं नशीब काही उघडलं नाही. मग एमेट मिलरनं १९२५ मध्ये आणि पुन्हा १९२८ मध्ये ते गायलं, आवाज मध्येच फोडून वर फेकत. १९३९ मध्ये अलाबामाच्या रेक्स ग्रिफिननं ते नुसत्या गिटारवर म्हटलं. सव्वीस-सत्तावीस वर्षं हे गाणं हरवलेल्या सामानासारखं एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जात होतं. ते विल्यम्सला सापडलं. श्रीव्हपोर्टच्या ‘लुइझियाना हेराइड’ या रेडिओ कार्यक्रमात तो ते म्हणायला लागला आणि लोक वेडे झाले. २२ डिसेंबर १९४८ ला सिनसिनाटीत ते रेकॉर्ड झालं. निर्माता फ्रेड रोझला ते अजिबात पसंत नव्हतं: ना धड चाल, ना धड रचना, असं त्याचं मत. रचनेबद्दल तो चुकीचं बोलत नव्हता. मूळ गाण्यातलं ध्रुवपद इथे कडवं झालं आहे आणि कडवं मध्ये जाऊन बसलं आहे. पण विल्यम्सनं लोक ऐकताना पाहिले होते, रोझनं नव्हते. गाणं कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ११ जून १९४९ ला तो ओप्रीच्या मंचावर पहिल्यांदा उभा राहिला, आणि त्या रात्री त्याला सहा वन्स मोअर मिळाल्याचं सांगतात.

तेव्हा सांगा, यात फटका कुणी कुणाला मारला? गायकाला गाणं सापडलं, गाण्याला गळा सापडला, आणि दोघं मिळून लोकांना लागले. पाणी लागतं तसे आणि वेड लागतं तसेही. ‘लव्हसिक’ला मराठीत काय म्हणाल? प्रेमाचं वेड लागलेला. पुन्हा ‘लागणे’च! नॉर्स खलाशांनी जे म्हटलं असतं तेच आपल्या विहीर खणणाऱ्या माणसाच्या तोंडी आहे, हे मला कितीही वेळा सांगितलं तरी कमीच वाटतं.

कुणी म्हणेल, ‘गाणं लागलं’ म्हणजे मराठीत रेडिओवर गाणं सुरू झालं. बरोबर आहे, आणि म्हणून मी ‘लागलेलं गाणं’ हा प्रतिशब्द लेखात घाला असं म्हणत नाही. ‘हिट’ ठेवा. तो शब्द आता मराठी आहे, पण मराठीच्या पद्धतीनं ठेवा. आपल्याकडे ‘हिट’ हे विशेषण आहे. सिनेमा हिट जातो, गाणं हिट होतं, जोडी हिट ठरते. ‘त्याचा पहिला हिट’, ‘हा हिट १९४९ चा’ असं नाम म्हणून वापरलं की वाक्य लगेच भाषांतरित वाटायला लागतं. तुमच्या प्रश्नातला ‘त्याचा ब्रेकथ्रू हिट’ असाच आहे. ‘लव्हसिक ब्लूज हे गाणं हिट गेलं आणि विल्यम्सची कोंडी फुटली’ असं लिहा. आणि ‘पदार्पण’ हवंच असेल तर ते ११ जूनच्या त्या रात्रीसाठी राखून ठेवा. ओप्रीच्या मंचावर त्यानं तेव्हा खरोखर पहिलं पाऊल टाकलं होतं.