शिक्षा, शिक्षण आणि माझ्या हातून झालेली एक चूक

ताई, आधी यजमानांची नोकरी गेली, पाठोपाठ आपला गर्भपात झाला, आणि आता प्रार्थनागटातील वडीलधारी मंडळी म्हणतात की परमेश्वर शिक्षक आहे, तेव्हा तो कोणता धडा शिकवतो आहे ते शोधा; तर हा धडा शोधायचा कसा, असे आपण विचारले आहे. अकरा वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारत होतो, म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही. मी पाळक नाही आणि ईश्वरविज्ञानाचे रीतसर शिक्षणही मी घेतलेले नाही. आपल्या मंडळीची (चर्चची) शिकवण वेगळी असल्यास माझे म्हणणे एका सामान्य विश्वासणाऱ्याचे मत समजावे. शिष्य येशूला गुरुजी म्हणत आणि पवित्र आत्मा सर्व गोष्टी शिकवील असे त्याने सांगितले, हे आपणांस ठाऊक असणारच, त्यामुळे तेथून सुरुवात करत नाही.

माझी नोकरी गेली तेव्हा मी एका समुपदेशन केंद्रात जाऊ लागलो. त्याचे नाव सांगत नाही. तेथे एक छापील तक्ता मिळे. वर बायबलमधील ईयोबाच्या (निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या) पुस्तकातील ‘त्याच्यासारखा शिक्षक कोण आहे?’ या अर्थाचे वचन (३६:२२) आणि खाली दोन रकाने असत, एक संकटाचा व दुसरा धड्याचा. दुसरा रकाना कोरा राहिला की पुढच्या भेटीत ‘काही दडवलेले पाप आहे का?’ अशी विचारणा होई. मी तो तक्ता वर्षभर इमानाने भरला. स्कूटर बंद पडली तरी तिच्यासमोर एक धडा लिहीत असे. हे माझ्यापुरते राहिले असते तर केवळ कागद वाया गेला असता. पण त्याच वर्षी वडिलांना घशाचा कर्करोग झाला, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात मास्तरकी केलेल्या त्या माणसाच्या खाटेशेजारी बसून मी विचारले, “दादा, परमेश्वर तुम्हाला यातून काय शिकवतो आहे, असे वाटते?” त्यांनी उशी जरा वर सरकवायला सांगितली, एवढेच. त्यानंतरचे चार महिने ते माझ्याशी पेन्शनविषयी बोलले, विहिरीच्या पाण्याविषयी बोलले, परंतु परमेश्वराविषयी एक शब्दही बोलले नाहीत. स्तोत्र वाचून घ्यायचे असले की ते बहिणीला हाक मारत.

त्यांच्या पश्चात मी ईयोबाचे पुस्तक प्रथमच सलग वाचले, आणि तक्त्यावरचे ते वचन अलीहूचे आहे हे तेव्हा लक्षात आले. अलीहू म्हणजे संतापलेला, ईयोबाने विचारलेले नसताना सहा अध्याय बोलणारा तरुण. त्याचे ते वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावायला निघालेल्या माणसाच्या तोंडचे ते वाक्य आहे, हे त्या केंद्राने कधी सांगितले नाही. पुढे ३८व्या अध्यायापासून परमेश्वर स्वतः बोलू लागतो तेव्हा तो कावळ्याची पिले, रानबकरीचे विणे, शहामृग, लिव्याथान नावाचा अजस्र जलचर यांच्याविषयी विचारत जातो आणि ईयोबावर संकट का आले हे शेवटपर्यंत सांगत नाही; उलट, पापाचे फळ म्हणून समजूत घालणाऱ्या तिघा मित्रांवर त्याचा राग भडकतो (४२:७). तक्ता भरायला सांगणारा शिक्षक मला त्या चार अध्यायांत कोठेही सापडला नाही.

आपल्या गटातील मंडळी बहुधा नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा १२वा अध्याय काढून दाखवतील, आणि ते टाळता येत नाही, कारण तेथे फटक्यांचाही उल्लेख आहे. मात्र आपल्या भाषांतरांत जेथे ‘शिक्षा’ वाचायला मिळते तेथे मूळ ग्रीक शब्द पायदेइया आहे. त्यात मुलाला वाढवणे, वळण लावणे, शिकवणे हे सारे येते. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत मात्र दंड, आणि मराठी कानाला आधी छडीच ऐकू येते, याला कोणाचा इलाज नाही. शिवाय हे पत्र विश्वासामुळे छळ सोसणाऱ्यांना लिहिलेले आहे. त्यांचे कोणते पाप चुकते होत आहे, असे त्यात कोठेही विचारलेले नाही, आणि फळ मिळते ते ‘नंतर’, असे अकराव्या वचनात स्पष्ट आहे. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात, पुत्र असूनही येशू जे सोसले त्यातून आज्ञाधारकपणा शिकला, असे म्हटले आहे. जो निष्पाप होता तोही सोसण्यातून शिकला असेल, तर सोसणे आणि पापाचा दंड यांची सांगड आपण कशाच्या आधारावर घालतो?

दुःखातून माणूस काही शिकत नाही, असे मला म्हणायचे नाही. पण दुःखात असताना शिकणे वेगळे आणि दुःख धडा म्हणूनच पाठवले गेले असे ठरवणे वेगळे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात (३०:२०–२१) संकटाची भाकर आहे आणि शिक्षकही आहे. परंतु तेथे धडा त्या भाकरीत दडवून ठेवलेला नाही. शिक्षक डोळ्यांना दिसतो आणि ‘हाच मार्ग आहे, याने चला’ असे शब्द मागून कानी पडतात. आपल्या बाळाच्या जाण्याला कोडे समजून ते सोडवत बसू नका, हे माझे ठाम मत आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी ‘पाप कोणी केले?’ असे शिष्यांनी विचारले तेव्हा ‘याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही’ असे येशूने दिलेले उत्तर पाहता ते केवळ माझेच आहे असेही नाही.

थोडे अवांतर: गर्भपातानंतर झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा; विश्वास कमी पडल्याची ती खूण नव्हे. गटात काय सांगावे असा पेच असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानातील २३:८ हे वचन वाचून दाखवावे. गुरू एकच आहे आणि बाकीचे सर्व भाऊ आहेत, असे तेथे आहे. त्यावर काही मंडळी नाराज होतील. माझ्यावर झाली होती. यजमानांना मात्र धड्याविषयी आज काही विचारू नका.